अकरा आराकश

सदाशिवराव पांढरीपांडे यांना दोन गोष्टी खपत नसत: पातळ वरण आणि रिकामा रकाना. वरणाचं पत्नी पद्मजाताई बघून घेत, रकान्याचं ते स्वतः बघत. घराणंच कचेरीतलं. आजोबा मोडी लिहिणारे कारकून, वडील शिरस्तेदार, आणि हे जंगल खात्याच्या एका कचेरीत नक्कलकार. नोकरीच्या पहिल्या दिवशी वडिलांनी कानात मंत्र घातला होता, "सद्या, फॉर्मात जागा सोडू नको. आपण सोडली की दुसरा कोणीतरी काहीबाही भरतो." तो मंत्र त्यांनी चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत जपला. नातवाच्या शाळेच्या फॉर्मात 'छंद' असा रकाना होता आणि साकेतला छंद कसलाच नव्हता, तर यांनी ठोकून दिलं 'नक्षत्रनिरीक्षण'. त्या पोराने अजून मोबाइलमधून मान वर केलेली नाही, नक्षत्रं तर राहिलीच.

मार्चातल्या एका सोमवारी सकाळी यवतमाळच्या त्यांच्या घराच्या फाटकाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. चोवीस-पंचवीसची, खांद्याला पिशवी, हातात प्लास्टिकची फाइल.

"पांढरीपांडे साहेब इथंच राह्यतेत का?"

"साहेब कुठले? रिटायर होऊन सोळा वर्षं झाली त्यांना," पद्मजाताई हसून म्हणाल्या. "ये आत, पाणी घे."

मुलीचं नाव राखी जाधव. घाटंजीच्या सेतू केंद्रात बसून ती लोकांचे अर्ज भरून देई, आणि घाटंजीपलीकडच्या मोहदरी तांड्यावर आपल्या आजीसोबत राही. सदाशिवरावांचं घर तिने पेन्शनर संघात विचारून शोधून काढलं होतं.

"आजोबा, मले फक्त एका शब्दाचा अर्थ पाह्यजे," ती म्हणाली. "आराकश म्हणजे काय?"

सदाशिवराव खुर्चीत ताठ झाले. गेली सोळा वर्षं घरात त्यांना कोणी शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. विचारत ते एवढंच, की दूध आलं का. त्यांना मनापासून आनंद झाला, आणि आनंद झाला की ते लांबण लावत.

"आरा म्हणजे मोठी करवत. कश म्हणजे ओढणारा. फारसी शब्द आहे, कशीदन म्हणजे ओढणं. सोन्याचांदीची तार ओढतो तो तारकश. कष्ट ओढतो तो मेहनतकश. तुमच्या बायकांच्या ओढणीवर भरलेला असतो ना कशिदा, तोही त्याच घरचा. धागा ओढून ओढून काढलेला. तर आराकश म्हणजे करवत ओढणारा. यंत्रं नव्हती तेव्हा जंगलातच सागाचे ओंडके दोघं दोघं मिळून चिरायचे, त्यांना आराकश म्हणत. मुसलमानी अमलात शब्द इकडे आला, इंग्रजांच्या दप्तरातही टिकला, आणि गावोगाव आरा मशीन बसली तसा गेला. आता आमच्या वयाच्या माणसालासुद्धा..."

"म्हणजे हे आडनाव नाई?"

"छे, छे! कामाचं नाव आहे ते. सुतार, गवंडी म्हणतो तसं."

राखीने फाइलीतून एक झेरॉक्स काढून त्यांच्यासमोर धरली. "मंग इथं आडनावाच्या रकान्यात काहून लिहिलं?"

सदाशिवरावांनी चष्मा नीट केला. टाइप केलेली यादी होती. अकरा नावं. नाव: हेमला, आडनाव: आराकश. नाव: सोमा, आडनाव: आराकश. वरपासून खालपर्यंत सगळ्यांपुढे तेच. आणि तळाशी, 'मुळाबरहुकूम खरी नक्कल. स. वा. पांढरीपांडे, नक्कलकार, १९७९.' सहीखाली दोन ठिपके. हे दोन ठिपके यवतमाळ जिल्ह्यात दुसरं कोणी देत नसे.

राखीला त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला सवड नव्हती. ती आपली हकिगत सांगत होती. "माह्या आजीचा वनहक्काचा दावा हाये. चार एकर वावर, अन् त्याच्यातच घर. आमी बंजारा लोक, आमच्या इकडं आदिवासीत येत नाई, म्हणून आमाले तीन पिढ्यांचा पुरावा द्या लागते. एकोणीसशे तीसच्या आंधीपासून तिथंच राह्यतो म्हणून. आमच्यापाशी हा एकच कागद हाये. अठ्ठावीस सालची यादी. त्याच्यात हेमला हाये, माह्या आजोबाचा आजा. पण खालच्या समितीनं दावा फेटाळला. म्हणते, यादीतला हेमला आराकश हाये अन् तुमी जाधव. तो दुसऱ्याच कोनाचा आजा असन. परवा बुधवारी इथं जिल्ह्याले अपील हाये. थे शेवटचं. ते गेलं तं वावर बी गेलं अन् घर बी गेलं."

"आणि मूळ यादी?" सदाशिवरावांनी विचारलं.

"वाळवीनं खाल्ली म्हणते. तुमची नक्कलच उरली. तिच्याखाली तुमचं नाव दिसलं, म्हणून तं तुमाले शोधत आली."

मूळ यादी त्यांना लख्ख आठवली. पिवळा जाड कागद, तीन रकाने: नाव, बापाचं नाव, काम. १९७९ साली खात्याने नवे छापील फॉर्म पाठवले, त्यात कामाचा रकानाच नव्हता आणि आडनावाचा होता. जुन्या कागदात आडनाव कोणाचंच नव्हतं. अकरा रिकाम्या जागा! एकोणतीस वर्षांच्या नक्कलकाराने क्षणभर विचार केला आणि 'काम' उचलून 'आडनावा'त बसवलं. माहितीही गेली नाही आणि रकानाही भरला. त्या दिवशी संध्याकाळी ते स्वतःवर इतके खूश होते की येताना त्यांनी अर्धा किलो जिलबी आणली होती.

हे त्यांनी राखीला सांगितलं नाही. एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात शब्दाचा अर्थ आणि व्युत्पत्ती लिहून दिली, खाली सही केली आणि म्हणाले, "हे दाखव त्यांना." राखी हरखली. जाताना ती त्यांच्या पाया पडली, आणि सदाशिवरावांना ते सहन झालं नाही. ते उठून मागच्या अंगणात गेले आणि उगाच तुळशीची वाळकी पानं खुडत उभे राहिले.

पद्मजाताईंनी त्यांच्याबरोबर अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला होता. त्या मागोमाग आल्या.

"तिने अर्थ विचारला, तो तुम्ही सांगितला. सही पाहून तोंड का उतरलं, ते नाही सांगितलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना स्वतःची बाजूही मांडून पाहिली. पंचेचाळीस वर्षं झाली, साहेबांनीही सही केली होती, अर्थ लिहून दिलाच आहे, समितीला तेवढ्यावरून कळेल.

"नाही कळलं तर?"

"आता या वयात चारचौघांत उभं राहून सांगू, की माझी नक्कल खोटी होती?"

"एका म्हातारीचं घर चाललं, अन् तुमी अब्रू कवटाळून बसले," पद्मजाताई म्हणाल्या. त्या चिडल्या की त्यांची वऱ्हाडी बाहेर येई. "उद्या सकाळच्या एसटीनं घाटंजीले जा. डबा मी देतो. अन् तिथं व्युत्पत्ती सांगत बसू नका."

दुसऱ्या दिवशी घाटंजीच्या स्टँडवरून राखीने त्यांना स्कूटीवर घेतलं. तिला वाटलं, म्हातारा जुन्या शब्दांचा शौकीन आहे, आरा चालायचा ती जागा बघायला आला. रस्ताभर ती त्यांना काय काय दाखवत होती आणि ते मागे डोळे मिटून सीट धरून बसले होते.

तांड्यावर राखीची आजी सुखीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने काटकुळी, पण आवाज असा की पलीकडच्या वावरातला बैल वळावा. राखी तिला याडी म्हणे, म्हणजे आई. तांड्यातली सगळीच लहानथोर तिला याडीच म्हणत.

"आव, बेस," ती म्हणाली आणि खाटेवरची गोधडी झटकली. "आराकशाचं पुसाले आले म्हणते तुमी? आता कोन पुसते बाप्पा ते! चाला, दाखवतो."

घरामागे, दोन मोहांच्या मधे, एक लांबट खड्डा होता. पाल्याने निम्माशिम्मा बुजलेला. सुखीबाई त्याच्या काठावर उकिडवी बसली.

"पहिले आमचे लोक बैलाईवर मीठ-धान्य वाह्याचे. आगगाडी आली, ते बसलं. बैल गेले अन् हातात आरा आला. ह्या खड्ड्यावर आडवा ओंडा टाकाचा. काजळीत भिजवलेलं सूत ताणून त्याच्यावर रेघ माराची. एक मानूस वर उभा, एक खाली खड्ड्यात. वरचा वर वोढते, खालचा खाली वोढते. ढकलाचं कोनीच नाई. ढकललं का आरा वाकते अन् रेघ जाते. आपली पाळी झाली का हात ढिला सोडाचा, दुसऱ्याले वोढू द्याचं. हे ज्याले जमलं तो आराकश."

"आणि खालच्याच्या डोळ्यांत भुसा जात असेल," सदाशिवराव म्हणाले.

"तं! म्हणून दुपारच्या भाकरीनंतर जागा बदलाची. सकाळी वरचा तो दुपारी खाली. कितीबी मोठा आराकश असो, हे चुकाचं नाई. मी नवरी होऊन आली तवा हेमला बुढा झालता, पण जागा बदलल्याशिवाय आऱ्याले हात नाई लावला त्यानं. मी बी एक सिझन खालून वोढलं. माह्या नवऱ्याच्या, शंकरसिंगच्या जोडीदाराले हिवताप आलता तवा." तिने डोळे चोळले, जणू भुसा अजून आत होता. "हेमलाची जोडी सोमा कोलामासंग. जनमभर. सोमाचा नातू मारोती टेकाम अजून पलीकडच्या पोडावर, त्याईच्या वस्तीवर हाये."

सदाशिवरावांनी खिशातून राखीने काल ठेवून दिलेली झेरॉक्स काढली. हेमलाच्या खालचंच नाव सोमा. आडनाव आराकश.

"राखी," ते म्हणाले, "हा सोमा कोलाम होता?"

राखीने कागद ओढून घेतला. तिने ही यादी शंभरदा वाचली होती, पण बघितलं होतं ते फक्त हेमलाच्या ओळीकडे. तिने ते आजीला वाचून दाखवलं आणि सुखीबाई खो खो हसत सुटली. "कोलामाचं अन् आमचं गोर बंजाऱ्याचं आडनाव एक! कोन्या येड्यानं लिहिलं ते?"

सदाशिवरावांना पद्मजाताईंचा चेहरा आठवला.

"मी लिहिलं, सुखीबाई."

हसू थांबलं. त्यांनी सगळं सांगितलं. मूळ यादीतले तीन रकाने, नवा फॉर्म, रिकाम्या अकरा जागा. व्युत्पत्ती सांगितली नाही.

सुखीबाई उठून उभी राहिली. मग बोलली ती आग होऊन. "सहा महिने झाले, ही पोट्टी कचेऱ्या चढून राह्यली. मले झोप नाई. लोक म्हणते, तुमी दुसऱ्याचा आजा चोरला. अन् तुमी काहून भरला तो रकाना?"

"रिकामा दिसत होता," सदाशिवराव म्हणाले. याहून खरं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

"माहीत नाई तं मानसानं लिहू नाई."

"नाही लिहू," ते म्हणाले. आयुष्यभर जपलेला मंत्र असा एका वाक्यात मोडीत निघाला. वाईट वाटायला हवं होतं, पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

सुखीबाईने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "उद्या येता? सर्व्याईसमोर असंच सांगता?"

"सांगतो."

"मंग जेवून जा," ती म्हणाली. राग गेला नव्हता. भाकरीवर तिखटाचा गोळा तिने जरा जास्तच मोठा ठेवला, आणि सदाशिवरावांनी तो निमूट खाल्ला.

बुधवारी समितीच्या सभागृहात पंखे फिरत होते आणि पुकारे चालले होते. मधल्या खुर्चीत एक तरुण अधिकारी बाई, बाजूला दोन अधिकारी आणि तीन निवडून आलेले सदस्य. सुखीबाईचं नाव पुकारल्यावर राखी उभी राहिली, शब्दाच्या अर्थाचा कागद पुढे केला. बाईंनी तो वाचला.

"अर्थ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण आराकश हे आडनावही असू शकतं. पाटील, देशमुख हीसुद्धा कामाचीच नावं होती. प्रमाणित नकलेत ते आडनाव म्हणून आलंय, त्याला आम्ही काय करणार?"

राखीचा चेहरा पडला. मागच्या बाकावरून सदाशिवराव उठले. त्यांनी पुढच्या बाकाची पाठ धरली.

"ती नक्कल मी केली आहे. तिच्यावर 'मुळाबरहुकूम' लिहिलंय, पण ती मुळाबरहुकूम नाही. मुळात आडनाव नव्हतं. काम होतं. ते मी आडनावाच्या रकान्यात टाकलं. चूक माझी आहे, या लोकांची नाही. तसं प्रतिज्ञापत्र करून आणलंय."

सभागृहात चुळबुळ झाली. बाई पुढे झुकल्या. "पंचेचाळीस वर्षांपूर्वीची एक यादी तुम्हाला इतकी नेमकी कशी आठवते?"

"चूक म्हणून केली असती तर विसरलो असतो," सदाशिवराव म्हणाले. "मी ती हुशारी म्हणून केली होती. त्या दिवशी घरी जिलबी नेली होती, बाई. म्हणून आठवते."

कोणीतरी हसलं, पण बाई हसल्या नाहीत. "ही तुमची साक्ष झाली. कागदातच काही आधार आहे?"

मग राखी पुढे आली. हेमलाच्या खालचा सोमा तिने दाखवला. सोमाचा नातू मारोती टेकाम पोडावरून आला होता, तो उठून उभा राहिला. बोलायची त्याला सवय नव्हती, त्याने एवढंच सांगितलं, "सोमा माहा आजा. आमी कोलाम. टेकाम." कोलाम आदिवासींत येत असल्याने त्याच्या दाव्याला ही यादी कधी लागलीच नव्हती, म्हणून आपला आजा कागदावर कोण होऊन बसलाय हे त्याला कालपर्यंत माहीत नव्हतं.

सदस्यांतला एक जाडजूड गृहस्थ कागदावर वाकला आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "मॅडम, हे तं खरं हाये. कोलामाचं अन् बंजाऱ्याचं एक आडनाव मी तं जल्मात नाई पाह्यलं. कामच असन हे."

बाईंनी सुखीबाईला पुढे बोलावलं आणि पिढ्या विचारल्या. "हेमला," सुखीबाई बोटांवर मोजत म्हणाली, "त्याचा नेमसिंग, त्याचा शंकरसिंग, तो माहा मालक. मेला त्याले नऊ वर्षं झाली. अन् मी." अकरा ओळींचा तो कागद बाईंनी पुन्हा एकदा पाहिला, शेजारच्या अधिकाऱ्याशी हलक्या आवाजात बोलल्या आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आधीचा फेटाळल्याचा निर्णय रद्द, दावा मान्य, आदेश लेखी मिळेल. राखीने तोंडाला ओढणी लावली आणि तिथेच रडायला लागली. सुखीबाई रडली नाही. तिने समितीला हात जोडले, मग वळून सदाशिवरावांकडे पाहिलं आणि मान एकदाच हलवली. त्यांना ते पुरेसं झालं.

बाहेर ऊन चढलं होतं. आता चहा घ्यावा आणि पद्मजेला फोन करावा, अशा विचारात सदाशिवराव पायऱ्या उतरत होते, तोच खाली कडुनिंबाच्या सावलीत बसलेली सात-आठ माणसं उठली. कोणाच्या हातात कापडी पिशवी, कोणाच्या हातात कागदांची गुंडाळी. काल रात्री राखीने ती यादी तांड्यांच्या ग्रुपवर टाकली होती, आणि खाली लिहिलं होतं की नक्कल करणारे आजोबा उद्या यवतमाळला येणार आहेत.

सदाशिवराव जागच्या जागी थांबले. हेमला एकटाच नव्हता. अकरा होते. पंचेचाळीस वर्षांत ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी आली नव्हती, आणि काल खड्ड्याच्या काठावरही आली नव्हती. आता शिव्या बसणार, असं त्यांना वाटलं, आणि त्या ऐकून घ्यायच्या असं त्यांनी ठरवलं.

पन्नाशीचा एक माणूस पुढे आला. "मी सेवादास राठोड. यादीतलं पाचवं नाव माह्या पणज्याचं हाये. आमचा दावा मागच्याच साली फेटाळला. तेच कारन."

"मुदत गेली असेल हो आता," सदाशिवराव म्हणाले. "माझ्या चुकीनं गेलं तुमचं."

"ठाऊक हाये," सेवादास म्हणाला. "म्हणून तं तुमच्यापाशीच आलो."

राखी डोळे पुसत त्यांच्यामागे येऊन उभी राहिली होती. "आजचा आदेश जोडून फेरतपासणीचा अर्ज करता येते, आजोबा," ती म्हणाली. "मी लिहितो. पण खाली तुमचं निवेदन लागन. सर्व्याईसाठी, एकेकाचं वेगळं."

चहा राहून गेला. सदाशिवराव पायरीवर बसले, तिच्याकडून पेन आणि कोरा कागद मागून घेतला आणि सेवादासला जवळ बोलावलं.

"पणज्याचं नाव सांगा," ते म्हणाले. "त्यांच्या बापाचं सांगा, आणि ते काम काय करत होते तेही सांगा. एखादी गोष्ट माहीत नसेल तर नाही म्हणा. मीही तसंच लिहीन."